घराला घोंगडं

आमच्या गल्लीत ज्याची म्हणाल त्याची नक्कल मी करून दाखवते. विजयसिंह अण्णांचं भाषण, गेवराईच्या गाडीच्या कंडक्टरची ओरड, घ्या काय पाहिजे ते. फक्त आश्रुबा आज्जा जमत नाहीत, कारण ते बोलतच नाहीत. दिवसभर मेंढरांमागं, आणि मेंढरांशी बोलणं म्हणजे "हिर्रर्र" आणि "हैक", बास. बायकोशी बोलायची वेळ आली तर तिच्याकडं न बघता, भिंतीला सांगितल्यासारखं बोलायचे.

"बबिताची माय, चहा हाय का न्हाई?"

"हाय की. कुणाला पाजू, भितीला का तुमाला?"

ही गीतामाय. त्या घरातला बोलण्याचा सगळा वाटा तिच्याकडं. उमापुरात त्यांची आणि आमची भिंत एकच, वरून दोन्ही घरांना पत्रे, त्यामुळं तिकडं कुणी शिंकलं तरी आमच्याकडं ऐकू येतं.

मागच्या वर्षी त्या घरात तिसरा आवाज आला. घुर्र... फुस्स. घुर्र... फुस्स.

तो ऑक्सिजनच्या मशीनचा. गीतामायनं जन्मभर चूल फुंकली, त्यातही निम्मा जन्म मेंढरांच्या फिरत्या वाड्याबरोबर गावोगाव, उघड्यावर, ओल्या काड्यांची चूल. धूर जाऊन जाऊन फुप्फुसं पार खरवडलेल्या तव्यासारखी झाली. अंबाजोगाईच्या दवाखान्यात पडून राहिली आणि येताना हे मशीन घेऊन आली. पेटीएवढं, चाकांवरचं, त्यातून निघालेली नळी नाकात. जेवताना, बोलताना, झोपताना, नळी नाकातच. गीतामाय म्हणायची, "जन्मभर मी मेंढरं बांधली, आता मला बांधलंय बघ."

मशीनचा एक नखरा होता. खोली फार तापली की ते घुर्र-फुस्स सोडून ओरडायला लागायचं: टीं! टीं! टीं! म्हणजे मशीनलाच धाप. आणि पत्र्याखालची खोली होळीपासूनच अशी तापते की भाकरी जमिनीवर थापून ठेवावी. मशीन बाहेर लिंबाखाली न्यावं तर धूळ. कूलर लावावा तर आमच्या गल्लीतली लाईट इतकी मरतुकडी की कूलर फिरला की दिवा मिणमिण करतो आणि मशीन पुन्हा टीं टीं. दोघांतलं एकच चालणार. म्हणजे विजेशिवाय, नुसत्या छतानं खोली गार राहिली पाहिजे, तरच गीतामाय त्या खोलीत राहू शकणार.

हे बबितानं एका रविवारी येऊन स्पष्टच सांगितलं. बबिता म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, बीडला दिलेली. तिचं घर पक्क्या स्लॅबचं, वरती अजून दोन मजले, ऊन तिच्यापर्यंत पोचतच नाही.

"माय, तू बीडला चल."

"मी न्हाई येत. तिथं वर लोक, खाली लोक, मधी आपण. पापडाच्या डब्यात बसल्यावानी."

"आबा, तुमी तरी सांगा हिला."

आज्जांनी भिंतीला सांगितलं, "ती न्हाई जायची."

"मंग खोली गार करा," बबिता म्हणाली. तिचा आवाज चिडला की वर चढत जातो आणि शेवटच्या शब्दावर फाटतो, तो मला छान जमतो. "ऊन कडक व्हायच्या आत करा. न्हाई झाली तर मी मायला घेऊन जाणार, मंग तुमी न् तुमची मेंढरं!"

ती गेल्यावर गीतामायनं नाकातली नळी नीट बसवली. मग म्हणाली, "आवं, काहीबी करा. पर मला इथंच ऱ्हाऊ द्या."

आज्जा उठून पत्र्याकडं बघत उभे राहिले.

सल्ला द्यायला गाव कमी नव्हतं. विजयसिंह अण्णा एका लग्नाला आले होते, ते दारात थांबले. हे आमच्याकडचे मोठे शेतकरी आणि त्याहून मोठे पुढारी. आधी घसा साफ, "अख्खँ", मग हात मागं. "आश्रुबा, पत्रे काढ ना बे. स्लॅब टाक. घरकुलाचं मी बघतो की. पुढच्या टायमाला नक्की." या "पुढच्या टायमाला" मधला "पु" ते असा लांबवतात की त्या पुढच्या टायमाला आपण असू का नसू अशी शंका यावी. पत्र्यावर चुना मारा, असं माझ्या आईनं सांगितलं, तो आज्जांनी मारला. फरक पडला, पण मशीनला पटला नाही. पत्र्यावर कडबा पसरा, असं कुणी म्हणालं. पसरला, तर एका वावटळीत अर्धा कडबा देवळावर जाऊन बसला आणि उरलेल्यासाठी शेळ्या दारात उभ्या राहून ओरडायला लागल्या. ओली पोती टाका म्हणाले, पण नळाला पाणी येतं आठवड्यानं. पूर्वी तिथं मातीचं माळवद होतं, ते गार असायचं, पण गळतं म्हणून आज्जांनीच ते उतरवून हौसेनं पत्रे टाकले होते. आता माळवद घालणारे हात गावात राहिले नाहीत.

शेवटी आज्जा गेवराईला निघाले. मला क्लास होताच, मीही बरोबर गेले.

छताच्या सामानाचं दुकान अंगदचं. अंगद म्हणजे माणूस नाही, रेडिओ. "या मामा, बसा मामा, पाणी घ्या मामा, आता फक्त बघा मामा!" त्यानं टेबलावर एक लाकडी खोका ठेवला, आत मोठा बल्ब पेटवला, वर पत्र्याचा तुकडा. "ठेवा हात. अरारारा, भाजलं ना? आता हे बघा." पत्र्याखाली त्यानं चांदीसारखी चकचकीत, स्पंज लावलेली शीट सरकवली. "आता ठेवा. ठेवा मामा, घाबरू नका, माझा हात हाय ना आधी. लागतंय का? न्हाई ना लागत? हेच तर!" "हेच तर" म्हणताना तो टेबलावर अशी थाप मारतो की बल्बही दचकतो.

आज्जांनी हात ठेवला. मग वाकून शीटला नाक लावलं.

"वास मारतंय," ते म्हणाले.

"नवं हाय मामा, दोन दिवसात जातो वास."

"ऊन लागल्यावर?"

"ऊन लागल्यावर... थोडा येणार की. प्लास्टिक हाय ते."

"तिला वास सोसत न्हाई. लगेच खोकते."

अंगद डगमगला नाही. त्यानं थर्माकोल काढला. "मंग हे घ्या. पाण्यानं सडत न्हाई, कसर लागत न्हाई, उंदीर खात न्हाई." मग जरा खाकरून, "म्हंजे खातो. पर थोडंच."

येताना एसटीत आज्जा खिडकीशी बसले होते. बाहेर ओसाड रानात कुणाचं तरी मेंढरांचं खांड चरत होतं आणि भर दुपारच्या उन्हात मेंढपाळ काठीला टेकून उभा होता, डोक्यावरून काळं घोंगडं. आज्जा त्या माणसाकडं गाडी पुढं जाईपर्यंत बघत राहिले. मग खिडकीच्या काचेला म्हणाले, "घराला घोंगडं घालायचं."

मी म्हटलं, "आज्जा, घोंगडं तर थंडीसाठी असतं ना?"

"येडी हाय का? उन्हातबी तेच. जे गार आत येऊ देत न्हाई ते ऊन येऊ दील का?"

एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

आणि लोकर होतीच. हल्ली लोकर कुणी घेत नाही. कातरणी झाली की बांधाच्या कडेला टाकून देतात, तिथं ती कुत्र्यांना गादी होते. आज्जांकडं दिवाळीच्या कातरणीची पोती तशीच पडून होती, बाकीची इतर मेंढक्यांनी फुकट आणून दिली, वर हसले. कातरणीआधी मेंढरं ओढ्यात धुवायची रीत आहे, पण ओढा केव्हाच आटलेला. म्हणून आज्जांनी लोकर काठीनं झोडून झोडून माती काढली. आमची गल्ली आठवडाभर शिंकत होती.

आत पत्र्याखाली त्यांनी तारा ताणल्या, तारांवर हिरवी शेडनेट, शेडनेटवर लोकरीचा हातभर थर. पण पहिल्याच दिवशी जाळीतून बारीक तंतू गळायला लागले, थेट गीतामायच्या अंथरुणावर. तिला दोनदा ठसका लागला. आज्जा खाटेशेजारी उकिडवे बसून वर बघत राहिले. उत्तर गीतामायनंच दिलं.

"आवं, घोंगड्याला काय लावतात?"

"खळ."

"मंग लावा की. मला काय इचारता, मी काय कोष्टीण हाय?"

घोंगड्याला चिंचोक्याची खळ लावतात. चिंचोके भाजून, कुटून, उकळून केलेला चिकट काढा. तो पाजला की लोकर ताठ होते, तंतू सुटत नाहीत. आज्जांनी गल्लीभरातून चिंचोके गोळा केले. अंगणात कढई चढली, धूर आत जायला नको म्हणून पार दूर, उकिरड्याच्या कडेला. आणि खाटेवरून नाकात नळी घातलेली गीतामाय दारातून हुकूम सोडायची. घुर्र... "पातळ हाय ती!" फुस्स... "अजून उकळा!" घुर्र... "हाताला लावून बघा, बोट चिकटलं का?" फुस्स... "तुमचं चिकटलं का असं इचारलंय, भितीचं न्हाई!" इतक्या दिवसांत ती इतकं बोलली नव्हती.

आज्जांनी कुंच्यानं खालून खळ मारली, थरावर थर. भिंतीपासून भिंतीपर्यंत मधे एकही जोड ठेवला नाही. जोड ठेवला तर तिथून तंतू गळतील, हा हिशेब. वाळल्यावर खालून टकटक केलं तर फळीसारखा आवाज यायला लागला. एक तंतू पडेना.

भर एप्रिलमध्ये दुपारी बबिता पारखायला आली. दारात पाय ठेवला आणि पदर नाकाला.

"आबा, कसला वास हा?"

"कसला वास?" आज्जा म्हणाले.

"कसला वास?" गीतामायनंही विचारलं, आणि दोघं खरंच हुंगायला लागले. जन्म मेंढरांत गेलेला. त्यांना काय येणार वास? मी आणि बबिता एकमेकींकडं बघून हसलो.

पण मशीन गप्प होतं. म्हणजे घुर्र-फुस्स चाललं होतं, टीं टीं नव्हतं. आमच्या घरात पत्रा करकरत होता आणि भिंतीपलीकडं माठातल्यासारखा गारवा. बबितानं हात वर करून छताला लावला, मग मशीनला लावला, मग आईच्या कपाळाला. म्हणाली, "बरं. ऱ्हा मंग."

त्या उन्हाळ्यात अख्खी गल्ली दुपारी गीतामायकडं. खाटेच्या कडेनं बायका गहू निवडायच्या, पोरं फरशीवर पालथी. अंगद मुद्दाम मोटारसायकलवर येऊन गेला. वर बघितलं, टकटक केलं, म्हणाला, "मामा, तुमी तर आमच्या पोटावर पाय दिला!" विजयसिंह अण्णांनी दारात उभं राहून मोबाईलवर व्हिडिओ काढला. "अख्खँ. मित्रांनो! आपल्या मातीतलं ज्ञान!" व्हिडिओत अण्णाच जास्त दिसतात, छत फक्त त्यांच्या टोपीमागं आहे. आज्जा आहेतच नाहीत. गीतामायचा मात्र आवाज येतो त्यात, "आवं, जरा बाजूला व्हा म्हणावं, वारं आडतंय."

पाऊस लागला, हवेत दमटपणा आला आणि एके दिवशी गीतामाय म्हणाली, "तीळ सांडलेत का गं कुणी हितं?"

गोधडीवर बारीक बारीक तपकिरी काहीतरी पडलं होतं. मी चिमटीत घेतलं. तीळ नव्हते. चालत होते.

आज्जा मेंढरं बसवून आले, त्यांनी चिमटीतलं बघितलं आणि खाली बसले. मला वाटलं, त्यांना कळलं नाही. त्यांना बघताक्षणीच कळलं होतं.

कसर लागली होती. दमट हवेत खळ मऊ पडली. खळ म्हणजे शेवटी चिंचोक्याचं पीठच, ते किड्यांना जेवण, आणि जेवणानंतर लोकर. खांद्यावरच्या घोंगड्यालाही कसर लागते. पण ते चार दिवसांनी उन्हात टाकतात, काठीनं झटकतात, कसर निघून जाते. मेंढक्याच्या पोराला हे चालता येण्याआधी कळतं. म्हणूनच आज्जांच्या डोक्यात ते आलं नाही. घोंगडं म्हटलं की ऊन मिळतंच, ते वेगळं ठरवावं लागत नाही. आणि हे घोंगडं त्यांनी चारी भिंतींना चिकटवलं होतं, बिनजोडाचं, अंधारात, कायमचं.

"लिंबाच्या पाल्याचा धूर करा," माझी आई म्हणाली. आणि लगेच तिनंच जीभ चावली. त्या खोलीत धूर?

"पावडर मारा," दुसऱ्या कुणी सांगितलं. तीही श्वासातूनच जाणार.

"खोलून काढा की मंग!"

काढायचं तर लोकरीची धूळ तिच्यावरच, आणि तिला हलवायचं तर कुठं? बाहेर चिखल, आमचं घर गळकं, आणि आज्जांच्या दुसऱ्या खोलीत मेंढरांची पिल्लं. राहता राहिलं बीड, आणि तोच शब्द कुणी काढत नव्हतं. गीतामायच म्हणाली, "थांबा जरा. ऊन पडू द्या. तवर मी झटकते की." आणि झोपल्या झोपल्या गोधडी झटकायला लागली. आज्जा रोज सकाळी मेंढरं सोडायच्या आधी ओलं फडकं काठीला बांधून छत पुसायचे. रोज संध्याकाळी पुन्हा तीळ. वरची फळी आता टकटक वाजत नव्हती, धप्प वाजत होती.

गीतामायचं बोलणं कमी झालं. आधी टोमणे गेले, मग हुकूम गेले, मग नुसतं "आवं" राहिलं. भिंतीपलीकडून मला आज्जांचाच आवाज जास्त यायला लागला. "बबिताची माय, पाणी देऊ?" "बबिताची माय, जागी हाय का?"

एका सकाळी मशीन ओरडायला लागलं. टीं! टीं! टीं! ऊन नव्हतं, गारवा होता, तरी ओरडत होतं. मी धावत गेले. आज्जांनी मशीनची मागची झडप उघडली होती. आतली जाळी लोकरीच्या भुग्यानं गच्च भरली होती, राखाडी, मऊ, एखादं छोटं घोंगडंच. ते हातात धरून आज्जा बसले होते आणि गीतामायचे ओठ जांभळे पडले होते.

बबिता गाडी घेऊन आली. बीडच्या दवाखान्यात आज्जा डॉक्टरसमोर उभे होते तेव्हा मी नव्हते, पण बबितानं सांगितलं ते असं: डॉक्टरांनी विचारलं, घरात लोकर, किडे, ओल असं काही आहे का? आज्जा फेटा सारखा करत राहिले. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. आज्जा दवाखान्याच्या भिंतीला म्हणाले, "मीच लावली." डॉक्टर म्हणाले, आता त्या घरात परत न्यायचं नाही, घर कसंही केलं तरी नाही, छातीत तेवढा दम उरलेला नाही.

दवाखान्यातून गीतामाय बबिताच्या घरी गेली. मशीन तिच्याबरोबर.

आज्जांनी छत एकट्यानं उतरवलं. आत कोंडून घेऊन, तोंडाला फेटा बांधून, दिवसभर. मग ती लोकर लिंबाखालच्या मोकळ्या जागेत पसरली. नेमकं त्याच दिवशी लख्ख ऊन पडलं. दुपारपर्यंत सगळी कसर निघून गेली. एक किडा उरला नाही. लोकर अशी स्वच्छ, अशी फुललेली की अंगावर घ्यावी. आज्जांनी ती काठीनं झटकली, उलटली, पुन्हा झटकली, आणि संध्याकाळी पोत्यांत भरून बांधाच्या कडेला टाकून आले.

"मेंढरं विका न् इकडं या," बबिता फोनवर म्हणते. आज्जा दिवाळीला गेलते. दोन रात्री राहून परत आले. गीतामायशेजारी बसून त्यांनी भिंतीला विचारलं, "कसं वाटतंय?" तर भिंतीमागं कुणाचा तरी टीव्ही होता, आणि गीतामायला तेवढं ऐकू गेलं नाही. पुन्हा विचारणं त्यांना जमलं नाही. हे त्यांनी मला सांगितलं नाही, गीतामायनं सांगितलं, फोनवर, अर्धं वाक्य, मग घुर्र-फुस्स, मग उरलेलं अर्धं.

फोन मीच लावून देते. परवा ती म्हणाली, "मेंढरं... ऐकवा जरा."

आज्जांनी फोन खांडापुढं धरला. दुपारची वेळ, मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून गपगार. एक ओरडेना. आज्जा "हैक, हैक" करत काठी आपटत होते, तरी नाही. मग मीच तोंड फोनजवळ नेलं आणि ओरडले. कोकराला हाक मारणाऱ्या मेंढीसारखी, अगदी गळ्यातून.

पलीकडं घुर्र... फुस्स. मग गीतामाय म्हणाली, "ही शेजारची हाय. आमची मेंढी... इतक्या नखऱ्यानं वरडत न्हाई."

ती हसली, हसण्याचा खोकला झाला, खोकला थांबेना, मागून बबिता "बास माय, बास" म्हणाली आणि फोन कट झाला. आज्जा फोन तसाच मेंढरांपुढं धरून उभे होते.

आता पुन्हा पत्रे करकरायला लागलेत. अंगदनं यंदा टेम्पो घेतलाय, वर भोंगा. "चला चला चला! घर गार, डोकं गार, बिल कमी!" टेम्पो आमच्या गल्लीत शिरला आणि आज्जांच्या दारात थांबला.

"मामा! नवा माल आलाय. बिगरवासाचा. ऊन लागू द्या न्हाईतर आग, वास न्हाई म्हंजे न्हाई. तुमचीच आठवण आली बघा. माप घेऊ का?"

आज्जांनी त्या शीटचा तुकडा हातात घेतला. नाकाला लावला. उन्हात धरला, पुन्हा नाकाला लावला. बराच वेळ.

"घे माप," ते म्हणाले.

अंगद आत गेला, टेप फर्रकन ओढली. गीतामाय बीडला गेल्यापासून कुलूप असलेल्या खोलीत आज्जा त्याला सांगत होते. इथं जरा बारकाईनं घे, इथं खाट असते. तिकडं मशीन, तिथं वर फट नको. खिडकीचं वारं आडवू नको. अंगद हो मामा, हो मामा करत होता, भिंतीवर खुणा करणाऱ्या पेन्सिलीची खरखर येत होती. मी भिंतीपलीकडून ऐकत होते. आज्जांना इतकं सलग बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"झालं," अंगद म्हणाला. "आता बघा, माय कशी निवांत झोपते ते. हाय कुठं माय? रानात गेल्यात का?"

आज्जांची काठी फरशीवर ठक्क वाजली.

"मामा? कोण ऱ्हातं या खोलीत?"

"कुणी न्हाई," आज्जा म्हणाले. भिंतीला.

टेप परत आत गेल्याचा आवाज आला, सर्रर्र, खट्. मग टेम्पो सुरू झाला आणि गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत अंगदनं भोंगा लावला नाही.